नोंदीबाहेरची माणसं
(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं मुद्रित रूप)



आमच्या सरांच्या नावानं चालणाऱ्या या व्याख्यानमालेत आजवर अर्थकारणावर, शेतीवर, साहित्यावर पुष्कळ बोललं गेलं आहे. कॅथलिक संन्याशांनी चालवलेल्या समाज-संशोधन केंद्रांवर बोलेन असं मी कळवलं, तेव्हा संयोजकांनी फार सौम्यपणे विचारलं, ‘विषय जरा आपल्या बाहेरचा नाही का होत?’ त्यांना तेव्हा जे उत्तर दिलं तेच इथे देतो. या विषयाची भारतातली सुरुवात पुण्यात झाली आहे. १९५१ साली. तेव्हाचं नाव ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सोशल ऑर्डर’, आणि आज ती संस्था दिल्लीच्या लोदी रोडवर ‘इंडियन सोशल इन्स्टिट्यूट’ म्हणून उभी आहे. पुण्यातल्या संस्थांचा इतिहास आपण अभिमानानं सांगतो. १९०५ सालचा भारत सेवक समाज, १९३० साली निघालेली गोखले अर्थशास्त्र संस्था, धनंजयराव गाडगिळांनी घरोघर माणसं धाडून केलेली पुण्याची पाहणी, सगळं सांगतो. या मालिकेत ही संस्था मात्र कुणी धरत नाही.

ती काढणारे फादर जेरोम डिसोझा मूळचे मंगळूरचे, येशूसंघी म्हणजे जेझुइट, मद्रासच्या लोयोला कॉलेजचे प्राचार्य राहिलेले. मद्रासमधून ते संविधान सभेवर निवडून गेले होते. अल्पसंख्याकांना राखीव मतदारसंघ हवेत की नकोत हा वाद तिथे पेटला, तेव्हा ख्रिस्ती प्रतिनिधींनी राखीव जागांवरचा हक्क सोडला; त्या भूमिकेच्या बाजूनं बोलणाऱ्यांत डिसोझा होते. पुढे नेहरूंच्या सरकारनं त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत भारताच्या शिष्टमंडळातूनही पाठवलं. थोडक्यात, हा गृहस्थ मठात बसून राहणारा नव्हता.

मात्र ही कल्पना त्यांना एकट्यालाच सुचली असं मानायचं कारण नाही. १० ऑक्टोबर १९४९ रोजी येशूसंघाचे प्रमुख जान-बातिस्त यान्सेन्स यांनी रोमहून जगभरच्या आपल्या मंडळींना एक पत्र धाडलं होतं. प्रत्येक प्रांतात सामाजिक माहिती आणि कृतीचं एक केंद्र काढा, असा त्याचा आशय होता. माहिती आणि कृती, दोन्ही एकाच छपराखाली. सँटियागोपासून कराकसपर्यंत, बोगोटापासून पुण्यापर्यंत पुढच्या काही दशकांत अशी केंद्रं निघाली ती त्या पत्रानंतर.

हेतू निव्वळ सेवेचा होता असं मी म्हणणार नाही. १८९१ साली पोप तेराव्या लिओंनी मजुरांच्या हक्कांवर परिपत्रक काढलं, तेव्हापासून कॅथलिक सामाजिक विचाराच्या एका डोळ्यात गरिबाची कणव असते आणि दुसऱ्या डोळ्यात लाल बावट्याची धास्ती. १९४९ हे तर चीनमध्ये माओ सत्तेवर आल्याचं वर्ष. केरळातल्या, बंगालमधल्या कामगार वस्त्यांतून ‘आपली माणसं’ कम्युनिस्टांकडे जातील ही भीती तेव्हाच्या पाद्री मंडळींना खरोखरच होती. त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांतलं पुण्याच्या या संस्थेचं काम वाचताना थोडी निराशा होते. अभ्यासवर्ग आहेत, ‘सोशल ॲक्शन’ नावाचं नियतकालिक आहे, सहकारावर आणि कामगार संघटनांवर सुबोध लेख आहेत; पण बरंचसं वरून खाली आलेलं. तत्त्व आधी, गाव नंतर. १९६३ साली संस्थेनं दिल्ली गाठली, त्याच सुमारास बंगळूरच्या बेन्सन टाऊनमध्ये तिचं प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. पुण्याचा तिच्याशी संबंध तिथेच संपला म्हणायला हरकत नाही.

खरा बदल सत्तरच्या दशकात झाला. तेव्हा आर्रुपे नावाचे बास्क गृहस्थ येशूसंघाचे प्रमुख होते. हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा ते त्या शहराच्या वेशीवर होते आणि आपल्या नवशिक्यांच्या मठात त्यांनी जखमींसाठी इस्पितळ उभारलं होतं. त्यांच्या काळात, १९७५ साली, संघाच्या महासभेनं ठराव केला की श्रद्धेची सेवा करायची तर न्यायासाठी झगडणं टाळता येणार नाही. ठराव सगळ्याच संस्था करतात. इथे मात्र काही माणसांनी तो शब्दशः घेतला आणि ती जंगलात, खाणींच्या गावांत, धरणांच्या बुडीत पट्ट्यात जाऊन राहिली. संशोधनाचा विषय तिथे त्यांना आयता भेटला. तो होता विस्थापन.

आता मी मुद्द्यावर येतो, आणि इथे थोडा वेळ थांबणार आहे.

भूसंपादनाची जुनी अधिसूचना आपल्यापैकी किती जणांनी वाचली आहे? १८९४ च्या कायद्यातली कलम ४ ची नोटीस राजपत्रात छापून यायची. तालुका अमुक, मौजे अमुक, गट नंबर, क्षेत्र हेक्टर-आर, आकार रुपये-पैसे, चतुःसीमा, आणि शेवटी ‘सार्वजनिक प्रयोजनासाठी’. पानंच्या पानं अशी. जमिनीचा एकेक आर त्यात मोजलेला असतो. माणूस कुठेच नसतो. फार तर कब्जेदाराचं नाव येतं, तेही सातबाऱ्यावर असेल तर. आता त्या गावात कोण कोण राहतं ते आठवा. तोंडी बोलीवर वाट्यानं कसणारा वाटेकरी. सालगडी. नवरा वारला पण वारस म्हणून नोंद झालीच नाही अशी बाई. गायरानात शेळ्या चारणारा. ओढ्याकाठची माती आणून मडकी घडवणारा कुंभार. ओढा गेला की त्याचा धंदा गेला, पण ओढा सरकारचा, त्यामुळे त्याचं काही गेलं असं कागद म्हणतच नाही. जंगलात मोहफुलं आणि तेंदूपत्ता वेचणारं कुटुंब. नदीत जाळं टाकणारा भोई. यांतल्या कुणाच्याच नावानं धनादेश निघत नाही, म्हणून यांची फाईल होत नाही. आणि फाईल नाही म्हणजे सरकारच्या लेखी हे उठलेच नाहीत.

वॉल्टर फर्नांडिस या येशूसंघी समाजशास्त्रज्ञानं आयुष्यभर या फाईल नसलेल्या माणसांचा हिशेब केला. ते दिल्लीच्या इन्स्टिट्यूटचे संचालक होते. पुढे त्यांनी गुवाहाटीला ईशान्य भारतासाठी वेगळं संशोधन केंद्र काढलं. त्यांची पद्धत सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यात जादू काही नाही, नुसती चिकाटी आहे. एका राज्याची पन्नास वर्षांची राजपत्रं काढायची. त्यांतली संपादनाची प्रत्येक अधिसूचना टिपायची. मग पाटबंधारे, रेल्वे, उद्योग, संरक्षण, वन अशा एकेका खात्याचे प्रकल्प-अहवाल त्याच्याशी पडताळायचे. मग नमुन्यादाखल गावं निवडून तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना गाठायचं: धरण झालं तेव्हा इथे किती घरं होती? कोण कुठे गेलं? चराई कुठे होती? सगळ्यात जास्त फरक पडतो तो या शेवटच्या प्रश्नानं, कारण सामाईक जमीन संपादन करावीच लागत नाही. ती सरकारचीच मानली जाते, म्हणून तिची अधिसूचनाही नसते.

आसामात हे काम झालं तेव्हा हाती काय लागलं पाहा. १९४७ ते २००० या काळासाठी सरकारी कागद सांगत होते की जवळपास चार लाख एकर जमीन घेतली आणि साडेतीन लाखांच्या आत माणसांना झळ बसली. फर्नांडिस आणि त्यांच्या सहकारी गीता भराली यांचा हिशेब निघाला सुमारे १४ लाख एकर आणि १९ लाख माणसं. म्हणजे दर साडेपाच-सहा माणसांतला एकच कागदावर. बाकीचे बहुतांशी सामाईक जमिनीवर जगणारे. हिराकूड धरणाचं तसंच. सरकारी आकडा १ लाख १० हजारांचा, अभ्यासकांचा १ लाख ८० हजारांचा. गोव्यातही १९६५ ते १९९५ या तीस वर्षांतल्या विस्थापनाचा अभ्यास त्यांनी निरज नाईक यांच्यासोबत केला. गोमंतकातल्या अभ्यासकांनी तो जरूर पाहावा.

या राज्यवार अभ्यासांतून मग देशाचा अंदाज बांधला गेला. १९४७ ते २००४ या काळात सुमारे सहा कोटी माणसं प्रकल्पांमुळे उठली किंवा न उठताच उपजीविकेला मुकली. अडीच कोटी हेक्टर जमीन गेली, त्यात ७० लाख हेक्टर जंगल आणि ६० लाख हेक्टर इतर सामाईक जमीन. विस्थापितांत आदिवासी जवळजवळ ४० टक्के. देशाच्या लोकसंख्येत ते आठ टक्क्यांच्या आसपास असताना.

सहा कोटी हा अंदाज आहे, शिरगणती नाही. नमुना घेऊन गुणाकार केला की चूक शिरते, आणि या आकड्यावर आक्षेप घेणारे अर्थतज्ज्ञ आहेत. घ्यावेत. पण आक्षेप घेणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारायला हवा: मग तुमचा आकडा कोणता? भारत सरकारकडे आपण किती नागरिकांना उठवलं याची एकत्रित नोंद नाही. किती टन पोलाद निघालं, किती मेगावॉट वीज झाली, किती हेक्टर भिजलं याच्या नोंदी दशांश चिन्हापर्यंत आहेत. हा विसरभोळेपणा मला तरी योगायोग वाटत नाही.

महाराष्ट्राला हे सगळं नवं नाही, हेही सांगितलं पाहिजे. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे मुळशीत उभे राहिले. त्या लढ्याचा इतिहास राजेंद्र व्होरांनी लिहिला आहे, आणि त्यात एक टोचणारी गोष्ट आहे. मुळशी पेट्यातल्या पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांच्या नावावर होत्या. त्यांना नुकसानभरपाई चालणार होती. धरण चालणार नव्हतं ते कसणाऱ्या मावळ्यांना. कागदावर मालक एक आणि मातीत हात दुसऱ्याचे, हा तिढा तेव्हाही तोच. पुढे कोयनेचे लोक रायगड-ठाण्याकडे फेकले गेले. धरणग्रस्तांच्या चळवळी झाल्या आणि १९७६ साली पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा करणारं आपलं पहिलं राज्य ठरलं. हे श्रेय आपलं आहे. मात्र त्या कायद्याचाही जीव जमिनीच्या मालकात होता.

२०१३ साली संसदेनं जो नवा भूसंपादन कायदा केला आणि जो १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला, त्यात ‘बाधित कुटुंब’ कुणाला म्हणायचं याची व्याख्या उघडून वाचा. त्यात भूमिहीन शेतमजूर आहे, कूळ आहे, वाटेकरी आहे, कारागीर आहे, जंगलावर आणि पाण्यावर पोट असलेला आहे. अट एवढीच की संपादनाआधी तीन वर्षं त्याची उपजीविका त्या जागेवर असावी. हा कुंभार आणि हा भोई कायद्यात आले कुठून? रस्त्यावर उतरलेल्या आंदोलनांमुळे आले, यात शंका नाही. नर्मदेच्या आंदोलनाशिवाय हे होणं नव्हतं. पण दिल्लीत मसुद्यांवर घासाघीस चालली असताना टेबलावर ठेवायला जो पुरावा होता त्यातला मोठा वाटा या केंद्रांतल्या दोन-तीन दशकांच्या कामाचा होता. घोषणेला सरकार उत्तर देत नाही. तक्त्याला देणं भाग पडतं. (नंतर २०१८ साली महाराष्ट्रानं याच कायद्यात दुरुस्ती करून काही प्रकारच्या प्रकल्पांना सामाजिक परिणामांच्या अभ्यासातून सूट दिली. त्यावर आपल्या वर्तमानपत्रांत किती अग्रलेख आले, ते आपणच आठवून पाहा.)

पुराव्याच्या बळाबद्दल आणखी एक दाखला देतो, आणि तो चर्चच्या घरातलाच आहे. मद्रासमध्ये रस्त्याकडेला बसणारा एक चांभार. सरकारच्या योजनेत चांभारांना टपरी आणि काही रोख मदत मिळणार होती. याला नाकारली गेली, कारण तो ख्रिस्ती होता आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंनाच. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तो लागू झाला, ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर आहेत. सुसई यांचा हा खटला सर्वोच्च न्यायालयात १९८५ साली निकाली निघाला. न्यायालय काय म्हणालं? धर्म बदलल्यावर जात राहते एवढं दाखवून भागत नाही. मूळ समाजात जो जाच होता तो नव्या समाजातही तेवढ्याच तीव्रतेनं चालू आहे हे दाखवा. आणि आजच्या ख्रिस्ती समाजाचा तसा सविस्तर, अधिकृत अभ्यास आमच्यापुढे ठेवलेला नाही. म्हणजे तो माणूस हरला तो अभ्यासाअभावी.

हा निकाल या केंद्रांना फार झोंबला असणार, आणि झोंबायलाच हवा होता. कारण अभ्यास करायचा म्हणजे दक्षिणेतल्या अनेक चर्चमध्ये दलितांची बाकं वेगळी होती, कित्येक ठिकाणी दफनभूमीत मध्ये भिंत होती, हे स्वतःच छापून काढायचं. शेजाऱ्याच्या घरातला अन्याय मोजणं सोपं असतं. केंद्रांतल्या काही अभ्यासकांनी हे काम केलं. बिशपांच्या परिषदेनंही पुढे जातिभेद हे पाप आहे असं जाहीरपणे म्हटलं. पण सगळ्या देशभर नमुना घेऊन, धरणग्रस्तांसाठी वापरली तीच निष्ठुर पद्धत चर्चच्या स्वतःच्या जमिनी, शाळाप्रवेश आणि नेमणुका यांना लावली गेली का? माझं मत असं की तेवढ्या निष्ठुरपणे नाही.

आता कृतीकडे वळतो. संशोधन नुसतं अहवालात राहिलं तर त्याचं काय होतं ते विद्यापीठात नोकरी केलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, इथे या परंपरेची दुसरी बाजू दिसते. फादर हर्मन बाखर स्वित्झर्लंडचे. १९४८ साली भारतात आले आणि सहा दशकं इथेच राहिले. नगरला त्यांनी ‘सोशल सेंटर’ उभं केलं. ७२ च्या दुष्काळाची आठवण नगरच्या माणसाला सांगायची गरज नाही: खडी फोडणाऱ्या बाया, सुकडी, आणि उन्हात आखलेले रस्ते जे पुढच्या पावसात वाहून गेले. त्यातून बाखरांनी जो धडा घेतला तो पाणलोटाचा. पाणी धरायचं तर ओढ्यात नाही, डोंगरमाथ्यावरून सुरुवात करायची. १९८९ नंतर जर्मन सरकारच्या मदतीनं आणि नाबार्डच्या भागीदारीत महाराष्ट्रात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम उभा राहिला. त्याला हातभार लावायला १९९३ साली बाखर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी ‘वॉटर’ ही संस्था काढली.

त्या कार्यक्रमातली एक गोष्ट जवळून दाखवण्यासारखी आहे. शिवाराचा आराखडा कार्यालयात बसून करायचा नाही. गटागटानं करायचा, आणि प्रत्येक गटात तो कसणारा शेतकरी आणि त्याची बायको दोघंही हजर हवीत. तंत्रज्ञ उतार मोजतो, टिकावानं मातीची खोली पाहतो, कागदावर गटाचा नकाशा काढतो. इथे बांध, इथे चर, इथे चिंच. नवरा म्हणतो बांध घाला. बायको म्हणते, बांध घातला तर वैरणीचा हा पट्टा जाईल, सरपणाला मी कुठे जाऊ? त्या दोघांत ठरतं, मग दोघांची सही किंवा अंगठा. आधी गावानं चार दिवस श्रमदान करून दाखवायचं, मगच पुढचं बोलणं. आणि मजुरीतला एक हिस्सा पुढेही श्रमदानातूनच. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी ही शिस्त राळेगण आणि हिवरे बाजारमुळे आपल्याला ओळखीची आहे, तीच इथेही. मला यात मोलाचं वाटतं ते एकच: पाहणी करणारा आणि ज्याची पाहणी होते तो, दोघं एकाच बांधावर उभे होते, आणि पाहणी संपल्यावर कागद त्या घरात राहत होता.

इथेही आंधळी बाजू आहेच. चराई बंद झाली की जमीनवाल्याला गवत मिळतं आणि ज्याची एक गुंठा जमीन नाही पण चाळीस शेळ्या आहेत तो पहिल्यांदा उपाशी राहतो. विहिरींना पाणी वाढतं ते विहीर असलेल्याच्याच. पाणलोटाच्या कामांचं मूल्यमापन करणाऱ्या अनेकांनी हे नोंदवलं आहे आणि संस्थांनी त्यावर तोडगेही काढले, पण आजही आपल्या जलयुक्त गावांच्या यशोगाथा वाचताना धनगर कुठे दिसतो का, ते बघा. त्याचीही फाईल होत नाही.

आणि आता एका माणसाबद्दल बोलणं भाग आहे. काहींना ते आवडणार नाही, पण टाळलं तर हे व्याख्यान अप्रामाणिक होईल.

स्टॅन स्वामी. तिरुचिरापल्लीकडचे, जन्म १९३७ चा. तरुणपणी पश्चिम सिंहभूममध्ये हो आदिवासींच्या गावात राहिले. १९७५ पासून दशकभर बंगळूरच्या इंडियन सोशल इन्स्टिट्यूटचे संचालक. तिथे देशभरचे तरुण कार्यकर्ते शिकायला येत. मग झारखंडला परतले आणि रांचीजवळ नामकुमला ‘बगैचा’ नावाचं केंद्र काढलं. वयाच्या ज्या टप्प्यावर माणसं आत्मचरित्र लिहितात, त्या टप्प्यावर त्यांनी एक पाहणी हाती घेतली: झारखंडच्या तुरुंगांत माओवादी म्हणून डांबलेल्या कच्च्या कैद्यांची. १०२ जणांशी बोलून माहिती गोळा केली. घरी जमीन किती, कमाई किती, आरोप काय, वकील आहे का, तारीख किती महिन्यांनी लागते. बहुतेकांचं म्हणणं होतं की आमचा त्या लोकांशी संबंध नाही. या पाहणीच्या आधारावर ते झारखंड उच्च न्यायालयातही गेले. पाहा, पुन्हा तीच रीत: आधी मोजायचं, मग तो आकडा घेऊन दार ठोठावायचं.

८ ऑक्टोबर २०२० रोजी राष्ट्रीय तपास यंत्रणेनं एल्गार परिषद प्रकरणात त्यांना अटक केली. ते स्वतःच कच्चे कैदी झाले, आपल्या महाराष्ट्रात, तळोजा कारागृहात. कंपवातामुळे हात थरथरत, पेला तोंडापर्यंत जात नसे. स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून अर्ज करावा लागला आणि त्या अर्जावर तारखा पडल्या. विशेष न्यायालयानं जामीन नाकारला. मे २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानं त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवलं आणि ५ जुलै २०२१ रोजी ते तिथेच वारले. वय ८४. आरोप त्यांनी शेवटपर्यंत नाकारले. खटला उभाच राहिला नाही, त्यामुळे ते दोषी होते असं कुठल्याही न्यायालयानं म्हटलेलं नाही.

मोजणी करणाऱ्यांना धोका असतो, हे आपल्याकडेच आहे असंही नाही. एल साल्वादोरमध्ये येशूसंघीयांच्या विद्यापीठात इग्नासियो मार्तीन-बारो यांनी लोकमत चाचणीची संस्था काढली होती. यादवी चालू असताना लोकांना खरंच काय हवंय हे ते आकड्यांत छापत होते. १६ नोव्हेंबर १९८९ च्या पहाटे लष्कराच्या तुकडीनं त्यांना, कुलगुरू एयाकुरिया यांना आणि आणखी चार पाद्र्यांना मारलं. स्वयंपाकीणबाई आणि तिची मुलगी तिथे होत्या म्हणून त्यांनाही. बोगोटाच्या ‘सिनेप’ या केंद्रातल्या दोन संशोधकांना, पती-पत्नीला, १९९७ साली त्यांच्या घरात गोळ्या घातल्या गेल्या. पाहणीचा अहवाल कुणी वाचत नाही असं आपण थट्टेनं म्हणतो. ज्यांना त्रास व्हायचा असतो ते वाचतात.

प्रश्नोत्तरांत जो प्रश्न येणार आहे तो मीच आधी घेतो. हे सगळं धर्मांतरासाठी नाही कशावरून? माझं उत्तर सरळ आहे. शंका असेल तर हिराकूडची माणसं पुन्हा मोजा. आसामची राजपत्रं गुवाहाटीत आहेत, ती काढा आणि बेरीज चुकली असेल तर दाखवा. मोजणाऱ्याच्या गळ्यात क्रूस आहे म्हणून बुडालेलं गाव वर येत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी वसईची हिरवाई वाचवायला लोक उभे केले, तेव्हाही हा प्रश्न विचारला गेला होता. नंतर याच फादरना आपण साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद दिलं. तेव्हा शंका घेण्याचा हक्क सगळ्यांना आहे, फक्त ती तपासायची तयारी हवी.

माझी या केंद्रांबद्दलची खरी तक्रार वेगळी आहे. त्यांचं जवळजवळ सगळं इंग्रजीत आहे. दिल्लीनं हिंदीत काही केलं, पण ज्या वाटेकऱ्याबद्दल अहवाल आहे त्याला तो वाचता येणार नाही, आणि त्याच्या तालुक्यातल्या वकिलालाही सहजी हाती लागणार नाही. पुण्यात जन्मलेल्या संस्थेचं मराठीत काय आहे, असं कुणी विचारलं तर दाखवायला फार थोडं निघेल. दुसरी अडचण पैशाची. अशी केंद्रं परदेशी देणग्यांवर बऱ्याच अंशी चालत. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला आलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, आणि प्रशासनाचा खर्च देणगीच्या २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. पाहणी म्हणजे पगारी माणसं, एसटीचा प्रवास, झेरॉक्स. कायद्याच्या भाषेत यातलं काही ‘प्रशासन’ होऊ शकतं. म्हणजे यापुढे अशी मोजणी दिल्लीतून कुणी येऊन करून देईल, ही आशा सोडलेली बरी.

समाजशास्त्राची, राज्यशास्त्राची, कायद्याची मुलं-मुली इथे बसलेली आहेत. ज्यांच्या नावानं ही व्याख्यानमाला आहे ते सर आपल्या विद्यार्थ्यांना गावात पाठवत असत, हे अनेकांना आठवत असेल. माझी या मुला-मुलींना विनंती आहे. आपल्या तालुक्यातला एकच प्रकल्प घ्या: धरण, एमआयडीसी, महामार्ग, काहीही. जिल्हा ग्रंथालयात राजपत्रं मिळतात का पाहा. नाही मिळाली तर भूसंपादन अधिकाऱ्याकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करा, त्याला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो. गट नंबरांची यादी करा. मग त्या गावात जा आणि सातबाऱ्यावर नसलेल्या माणसांची दुसरी यादी करा. दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवून मराठीत लिहा, आणि छापण्याआधी ग्रामसभेत वाचून दाखवा. चुकलं असेल तर लोक तिथेच दुरुस्त करतील.